धाकटीचं अळणी पथ्य

आमच्या घरातलं कालवण खारट व्हायला लागलं तेव्हा त्याचं खापर आधी माझ्यावर फुटलं. मी थोरली सून. चूल माझ्या ताब्यात, म्हणजे दोषही माझाच. शहापूरजवळ, सापगावच्या थोडं अलीकडे आमचं घर. सासूबाई, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही दोघी सुना, एवढीच माणसं. माझे यजमान शेती बघायचे, धाकटे दीर वाशिंदला कारखान्यात जायचे. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. दिरांचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. धाकटी मुरबाडकडची. हसायला लागली की तीन घरांपलीकडे ऐकू जायची आणि भाताचा भारा उचलायला तिला कोणाचा हात लागायचा नाही.

खारट कालवणाचं कारण घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. एका चुलीवर दोन बायका म्हटल्यावर मीठ दोनदा पडणारच. ते खरंही होतं. मी उकळी आली की मीठ टाकायची आणि मी पाण्याला गेले की धाकटी चव बघून पुन्हा टाकायची. मी विचारलं तर म्हणायची, "ताई, अळणी लागत होतं गो." यजमान जेवायला बसले की ताटाकडे बघून विचारायचे, "आज कोणाचा हात जड झालाय?" मला त्या चेष्टेचा संताप यायचा. स्वयंपाकात माझं काहीही चुकेल, पण मीठ चुकत नाही. शेवटी सासूबाईंनी निवाडा केला. मीठ थोरली टाकेल, धाकटीने बरणीला हात लावायचा नाही.

कालवण ताळ्यावर आलं, धाकटी आली नाही. ती ताटात वेगळं मीठ घेऊन बसायला लागली, तेही चिमूटभर नाही, चांगला ढीग. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायचा आणि मग मिठात टेकवायचा. सुका जवळा भाजायला काढला की ती तो कच्चाच तोंडात टाकायची. पेजेत मीठ, ताकात मीठ, नुसत्या चिंचेला मीठ. मी एकदा म्हटलं, "तुझ्या माहेरी मिठागर होतं का?" तर हसली. पण ते हसणं पूर्वीसारखं तीन घरांपलीकडे गेलं नाही. तेव्हा मी फक्त एवढंच मनात म्हटलं की बाई दमलेली दिसतेय.

उन्हाळ्यात तिला मळमळायला लागलं. बसलेली उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरून उभी राहायची. पाळी चुकली. आंबटखारट खाणं तर चालूच होतं. आमच्याकडे या सगळ्याचा एकच अर्थ निघतो आणि तो सासूबाईंनी काढला. मला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, त्यामुळे त्यांना आनंद आवरेना. त्यांनी स्वतः रानात जाऊन करवंदं आणली. मीही खुश झाले, खोटं कशाला सांगू, थोडी पोटात जळलेही. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दिवस गेलेले नाहीत. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणाले आणि टॉनिकची बाटली दिली. त्यांना तरी काय बोलायचं? आमच्या भागातल्या दहा बायका तपासायला आणल्या तर नऊजणींना ते हेच सांगत, आणि बरोबरच सांगत.

याच सुमाराला ती काळी पडत चालल्याचं बायकांच्या तोंडी यायला लागलं. त्याचंही कारण आमच्याकडे तयार होतं. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत आम्ही सगळ्याच काळ्या होतो. दिवसभर वाकून काम, पाठीवर ऊन, खाली पाण्यावरून चटका. थंडी पडली की रंग हळूहळू परत येतो. धाकटी मुळात चांगली उजळ होती, म्हणून तिच्यावर जास्त दिसतंय, असं मी लोकांना सांगायची. सासूबाई तिच्या तोंडाला रात्रीची साय लावायला सांगायच्या. ती निमूट लावायची.

पण त्या वर्षी ती शेतात फारशी गेलीच नाही. लावणीला दोनतीन दिवस आली आणि बांधावर बसून राहिली. कापणीला तर तिला खाली बसून उठताही येईना. म्हणजे घरात बसून ती आमच्यापेक्षा काळी होत होती. ही गोष्ट आज लिहिताना किती सरळ दिसते. तेव्हा कामाच्या रगाड्यात ती कोणी मांडून बघितली नाही.

मला पहिल्यांदा खटकलं ते दिवाळीच्या आधी. बांगडीवाली दारात आली होती. आधी माझ्या जुन्या बांगड्या काढल्या. आमच्या हातावर बांगड्यांखाली एक उजळ पट्टा असतो, ऊन लागत नाही ना तिथे. मग धाकटीच्या काढल्या. तिचा पट्टा उजळ नव्हता, उलट बाकीच्या हातापेक्षा काळा होता. बांगडीवाली म्हणाली, "काय गो, हात नाय धुवत का नीट?" धाकटीने पदराने खसाखसा पुसला. तो काय निघणार होता? मी तिचा हात ओढून उलटा केला. तळहाताच्या रेषा कोणी कोळशाने काढल्यासारख्या काळ्या होत्या. बोटांची पेरं काळी, कोपरं काळी. ती काहीतरी बोलायला गेली तेव्हा हिरड्याही दिसल्या, जांभळं खाल्ल्यासारख्या. दिवाळीत कुठली आली जांभळं? मला भीती वाटली. पण कशाची वाटली ते मला सांगता आलं नसतं.

गावाला मात्र सांगता येत होतं. आमच्या एक चुलत सासूबाई ओटीवर बसून उघड म्हणाल्या, "पोरगी दाखवताना पावडर फासली असल. फसलीस तू." सासूबाईंनी धाकटीला स्वतः पसंत केलं होतं. मुरबाडकडे नातेवाइकांच्या कापणीला गेल्या असताना त्यांनी तिला बघितलं होतं आणि घरी येऊन धाकट्याला सांगितलं होतं की तुझं लग्न ठरलं. त्यामुळे हे बोलणं त्यांना फार लागलं. त्या म्हणाल्या, "मी तिला भारा डोक्यावर घेतलेली बघितली. घामानं निथळत होती. पावडर राहील काय तिथं?" चुलत सासूबाई उठून गेल्या, पण सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आता प्रश्न नुसता धाकटीच्या रंगाचा राहिला नव्हता. तिला माहेरी पाठवून द्या, असं सुचवणारी माणसं घरी यायला लागली होती. सासूबाईंनी ठरवलं की पोरीला इथेच बरी करायची.

तिच्या माहेरच्यांनीच औषधवाला सुचवला. मुरबाडच्या पलीकडे एका गावात म्हातारे गृहस्थ होते. झाडपाल्याचं औषध द्यायचे, कावीळ, नायटा, अंगावरचे डाग, सगळ्यावर. नारळ सोडून काही घ्यायचे नाहीत. लबाड माणूस असता तर मला आज त्यांना चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तसं नव्हतं. आम्ही किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने तिघी गेलो. धाकटी दोनदा ओकली. म्हाताऱ्यांनी तिचे हात बघितले, जीभ बघितली, आणि म्हणाले की रक्त नासलंय, ते साफ करायला लागेल. कसलीशी मुळी उगाळून सकाळी घ्यायची आणि त्याबरोबर अळणी पथ्य. अमावास्येपर्यंत मिठाचा कण पोटात जाता कामा नये. गेला तर औषध उलटेल.

आमच्या भागातल्या माणसाला यात काही नवीन वाटलं नसतं. काविळीला अळणी, अंगावर काही उठलं तर अळणी. कातडीचं दुखणं आणि मीठ यांचं वैर असतं, हे आम्ही कोणाकडून शिकत नाही, ऐकत ऐकत मोठे होतो. धाकटी तेवढी घाबरली. परतताना एसटीत ती मला हळूच म्हणाली, "ताई, मला नाय जमणार." मी म्हटलं, "थोडे दिवस तर आहेत." सासूबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. मान वळवून म्हणाल्या, "तुझ्याबरोबर मी पन अळणी खाईन. मग तर जमल ना?"

आणि त्यांनी ते पाळलं. मी दोन भांडी करायची, एक पुरुषांचं आणि माझं, एक या दोघींचं. अळणी भात, अळणी वरण, उकडलेला दुधी, मीठ न घातलेली भाकरी. तुम्ही कधी सलग आठवडाभर अळणी जेवला नसाल तर ते काय असतं ते सांगून समजणार नाही. जेवणाला तोंडच नसतं. सासूबाईंना सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नसे. त्या धाकटीच्या शेजारी पाट मांडून बसायच्या, मोठे मोठे घास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बघ, मी खातेय का नाय?" त्यांचं ते प्रेम मी डोळ्यांनी बघितलंय. सासूने सुनेसाठी तोंडची चव सोडली, असं आमच्या गावात दुसरं उदाहरण मला माहीत नाही. सासूबाईंना पोटच्या मुलीचंही इतकं करताना मी पाहिलं नव्हतं. माझी नणंद हे वाचणार नाही अशी आशा आहे.

धाकटीला मात्र मिठाची भूक आवरेना. मिठाची बरणी सासूबाईंनी स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवली. मला कालवणापुरतं मीठ त्या सकाळी वाटीत काढून द्यायच्या. तिसऱ्याचौथ्या दिवशी मी आणि सासूबाई धारेच्या वेळी गोठ्यात गेलो तर धाकटी तिथे आधीच होती. गुरांच्या कोंड्यात आम्ही मीठ कालवून ठेवायचो. ती घमेल्यापाशी बसून कोंडा तोंडात भरत होती. ओठांना, हनुवटीला कोंडा चिकटलेला. आम्हाला बघून ती उठलीही नाही, नुसती रडायला लागली. मला भडभडून आलं. सासूबाईंनी तिचं तोंड पदराने पुसलं, तिला घरात नेलं, आणि मग येऊन त्या कोंड्याचं घमेलं उचलून शेजाऱ्यांच्या गोठ्यात ठेवलं.

मी त्यांना म्हटलं, "आई, जीव एवढा मागतोय तर द्या की थोडं." त्या म्हणाल्या, "तू काविळीनं पिवळीधमक झाली होतीस तेव्हा तुला पन असंच अळणी घातलं. तू पन रडली होतीस. मेलीस काय?" मी खरंच रडले होते आणि खरंच बरी झाले होते. समोर उभी असलेली मीच त्यांचा पुरावा होते.

त्यानंतर एकदोन दिवसांनी सकाळी धाकटी न्हाणीत गेली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी धावले. ती भिंतीला टेकून खाली घसरली होती. अंग गार, ओठ कोरडे, डोळे उघडे पण ओळख नाही. आदल्या दिवसापासून तिला उलट्या होत होत्या आणि औषध रक्त साफ करतंय असं आम्ही समजत होतो. दीर पहाटेच कामावर गेले होते. यजमानांनी शेजाऱ्याची जीप आणली. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि शहापूरपर्यंत त्या तिला हाका मारत होत्या. मी पायाशी बसून तळवे चोळत होते. ते काही केल्या गरम होईनात. मला वाटलं, ही गेली.

शहापूरच्या दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली आणि डॉक्टरांना हाक मारली. दोन्ही हातांना सलाइन लावलं. अर्धी बाटली जायच्या आत धाकटीने नजर वळवली आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मुळीपेक्षा या बाटलीत काहीतरी जबरदस्त औषध असणार. त्या बाटलीत मिठाचं पाणी होतं, हे मला दोन दिवसांनी समजलं. शहापूरच्या डॉक्टरांनी तिला थोडं सावरून ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे जास्त तपासण्या होतील, म्हणाले.

त्या इस्पितळात एक मोठ्या डॉक्टर बाई सकाळी फेरीला यायच्या. मागे शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका. बाई धाकटीच्या खाटेपाशी थांबल्या आणि पोट तपासायच्या आधी तिचा हात हातात घेतला. तळहात बघितला. तोंड उघडायला लावलं, हिरड्या बघितल्या. मग त्या मुलांना म्हणाल्या, "नीट बघा. पुस्तकात बघितलंय, आता इथे बघा." एकेक मुलगा पुढे यायचा आणि धाकटी बिचारी पुन्हा तोंड उघडायची. मला त्यांचा राग आला होता, माझ्या जावेला काय जत्रेत मांडलंय का, म्हणून. पण तेवढ्यात बाईंनी तिच्या डाव्या हाताची बोटं उलगडली. कापणी करणाऱ्या बाईच्या डाव्या बोटांवर विळ्याच्या खुणा असतातच. बाईंनी एका खुणेवर बोट ठेवलं. "ही कधीची?"

"माहेरची. लहान होते तवाची," धाकटी म्हणाली. ती खूण पांढरी होती.

"आणि ही?" ती काळी कुळकुळीत होती.

"लग्नानंतरची. इथल्या पहिल्या कापणीतली."

बाई मुलांना म्हणाल्या की म्हणजे कातडी त्या सुमाराला बदलायला लागली, जखम भरताना काळी भरली. मला बाकीचं काही कळलं नाही, एवढं मात्र पक्कं कळलं की लग्नात ही पोर उजळच होती. पावडरीची गोष्ट तिथेच संपली. सासूबाईंनाही ते कळलं असावं, कारण त्या जरा ताठ बसल्या.

मग बाईंनी विचारलं, "मीठ जास्त खावंसं वाटतं का हिला?"

धाकटीने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईच पुढे झाल्या. पथ्य नीट पाळलं का, असंच डॉक्टर विचारत आहेत असं त्यांना वाटलं. त्या अभिमानाने म्हणाल्या, "लय मागत होती. पन मी मिठाचा कन दिला नाय, डॉक्टर. कडक अळणी ठेवली. मी पन खाल्लं नाय तिच्याबरोबर."

बाईंनी एक स्टूल ओढलं, सासूबाईंच्या समोर बसल्या आणि सावकाश सांगायला लागल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीरातलं मीठ धरून ठेवणारा रस त्या तयार करतात. हिच्या त्या ग्रंथी आतून खराब झाल्या आहेत, बहुतेक क्षयाने. तिथला रस कमी पडला की मेंदू पुन्हा पुन्हा टोचणी लावतो, अजून बनव, अजून बनव. त्या टोचणीतच कातडी काळी होत जाते. ऊन लागो न लागो. आणि मीठ अंगात राहत नाही, लघवीवाटे निघून जातं. म्हणून जीव मीठ मागतो. ते मिळत होतं तोवर ती कशीबशी उभी होती.

बाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं, आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. औषधवाल्यालाही नाही. उलट म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत असणार? डॉक्टरांच्याही लवकर लक्षात येत नाही." सासूबाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे मी मारत होते तिला?" बाई म्हणाल्या, "आजार मारत होता." पण सासूबाईंना ते ऐकू आलं असं मला वाटलं नाही.

छातीचा फोटो, रक्त, सोनोग्राफी सगळं झालं आणि बाईंचं म्हणणं खरं निघालं. धाकटीच्या वडिलांना ती लहान असताना क्षय झाला होता, हे तेव्हा निघालं. क्षयाच्या गोळ्यांची लांब माळ सुरू झाली. त्याशिवाय तो कमी पडलेला रस भरून काढणारी एक छोटी गोळी, जन्मभर. बाईंनी आम्हा सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं की ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, अंगात ताप आला तर दुप्पट करून लगेच यायचं, आणि मीठ भरपूर. चुकवली तर पुन्हा न्हाणीतल्यासारखं होईल आणि दर वेळी जीप वेळेवर मिळेलच असं नाही.

धाकटी घरी आली. आठपंधरा दिवसांत ती स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत जायला लागली. रंग इतक्यात जाणार नव्हता, पण डोळ्यांत जीव आला. मी कालवण करायला घेतलं तेव्हा सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माझ्या वाटीतलं मीठ टाकायच्या आधी काढ." मला वाटलं पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. महिना होत आला तरी तेच. एकदा त्या एकट्या दिसल्या तेव्हा मी विचारलं, "आई, आता कशाला अळणी? पथ्य तर संपलं." त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी गुरांचा कोंडा खात होती आनि मी तो पन उचलला. मला आता मीठ गोड लागायचं नाय." मी खूप समजावलं. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. दिवसेंदिवस उतरत चालल्या होत्या आणि धाकटीसमोर मात्र म्हणायच्या की डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी सांगितलंय. असं कोणी सांगितलं नव्हतं.

धाकटी इतकी भोळी नव्हती. एके दिवशी दुपारी पुरुष बाहेर होते. आम्ही तिघी जेवायला बसलो. तिने सासूबाईंच्या वाटीतलं कालवण बोटाने चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून तिला काय ते समजलं. तिची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असायची. ती तिने पुडीतून काढली आणि ताटाच्या बाजूला जमिनीवर ठेवली.

"घे ना गो," सासूबाई म्हणाल्या.

"नाय घेत."

"म्हंजे?"

"तुमी मीठ खात नाय, मी गोळी खात नाय. मागच्या वेळी पन आपन दोघीनीच पथ्य केलं ना. आता पन दोघी करू."

मी म्हटलं, "येडी झालीस काय, काय होतं ते माहीत आहे ना तुला?" तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती सासूबाईंकडेच बघत होती, अगदी शांत, हात मांडीत ठेवून. सासूबाई आधी चिडल्या, मग गयावया करायला लागल्या. "मी तुला मारली असती गो," एवढं त्या कशाबशा बोलल्या.

"तुमी माझ्यासाठी तोंडाची चव सोडली," धाकटी म्हणाली. "माझ्या आईनं पन नसती सोडली. मला मारायला कोन उपाशी राहतंय काय?"

चुलीवर पाणी उकळून गेलं तरी मी उठले नाही. जमिनीवरच्या त्या गोळीवरून माझी नजर हलेना. मग सासूबाईंनी डोळे पुसले, माझ्याकडे हात पुढे केला आणि मीठ मागितलं. मी बरणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी भातावर मीठ घेतलं, कालवलं, आणि घास तोंडात घातला. तो त्यांच्याने गिळवेना. धाकटीने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला आणि गोळी उचलून हातात धरली. सासूबाईंच्या गळ्याची हालचाल दिसेपर्यंत तिने ती तोंडात टाकली नाही.